मैदानावर आलेलं उधाण

१

१९३४ सालची चैत्र अमावस्या शुक्रवारी आली. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास खलील स्टिक खांद्यावर टाकून सरावासाठी बोरदांड्याच्या मैदानावर निघाला आणि बांधावर येऊन थबकला. खाली मैदान दिसतच नव्हतं. ढोपरभर खारं पाणी पसरलं होतं, त्यात गोलचे चार खांब उभे होते आणि मध्यरेषेच्या जागी एक बगळा पाय मोडून बसल्यासारखा स्तब्ध होता.

खलील दर्यावर्दी हॉकी मंडळाचा कप्तान. तो धावत गावात आला आणि पहिल्यांदा गेला तो धर्माजी थळ्यांकडे. धर्माजी मुंबईच्या गोदीत कस्टमच्या नोकरीत होते. तिथेच गोऱ्या साहेबांच्या टीमांचे सामने बघत ते अंपायर झाले. निवृत्त होऊन गावी परतल्यावर गेली नऊ वर्षं बोरदांड्यातल्या प्रत्येक सामन्याला शिट्टी त्यांचीच. एका जागी बसणं त्यांना जमत नसे. जेवतानाही मांडीची घडी तीनदा बदलायचे. खलीलचं ऐकून त्यांनी चहाची बशी तशीच ठेवली.

मैदान खाजणातलं. तिथे मुळात भरतीचं पाणी खेळायचं. हाजी सिराजुद्दीन शेठनी पंचवीस वर्षांपूर्वी दगडमातीचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आणि आतली चिकणमाती घोटून घोटून हॉकीचं मैदान केलं. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात एक उघाडी ठेवली, म्हणजे जाड सागवानी फळीचं दार. ती फळी रहाटाने वर ओढायची. बाहेर ओहोटी असताना उघडली तर आतलं पाणी जातं आणि भरतीला उघडली तर समुद्र आत येतो. अमावस्येचं उधाण दुपारी बाराला चढतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

धर्माजी पोचले तोवर बांधावर शे-दीडशे माणूस जमलं होतं. हाजींचा मुलगा करमअली शेठ, मंडळाचा आणि लाकडाच्या वखारीचा मालक, शुभ्र झब्बा घालून एका बाजूला उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. लोक त्याच्यावर दीड वर्ष रागावलेले होते. आपल्या देशाची टीम अमेरिकेत जाऊन हॉकी जिंकून आली तेव्हा इथे हजार-हजार माणूस खेळ बघायला येई. त्यानंतर शेठने मैदानाभोवती माडाच्या झापांचं कुंपण घातलं, तिकीट एका आण्याचं दोन आणे केलं आणि दोन चांगले गडी मुंबईच्या टीमला देऊन टाकले. जे उरले ते तुटक्या स्टिकांनी अनवाणी खेळत होते. लोकांनी येणं सोडलं. मागच्या सामन्याला आत साठ माणसं होती आणि मंडळाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं, ‘शेठ, टीम सोड.’

त्या रुसलेल्या लोकांचा पुढारी चंदर कोळी. त्याच सामन्यानंतर सगळ्यांदेखत तो म्हणाला होता, हे मैदान एक दिवस दर्याच गिळणार. आता ज्याच्या त्याच्या तोंडी तेच वाक्य होतं.

शेठने धर्माजींना बाजूला घेतलं. रविवारी सकाळी अलिबागहून फौजदार येणार, चंदरला त्याच्या हवाली करणार आणि त्याच दिवशी मंडळ बंद, असं त्याने सांगितलं. धर्माजींनी तोवरचा वेळ मागून घेतला. शेठने खांदे उडवले.

मग धर्माजी उघाडीपाशी गेले. त्यांना वाटलं होतं, फळी फोडलेली असेल, निदान वर ओढून ठेवलेली. फळी खाली, आपल्या खाचेत नीट बसली होती. रहाटाच्या साखळीला नेहमीचं पितळी कुलूप होतं. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता.

२

संध्याकाळी ओहोटी लागल्यावर शेठने स्वतः उघाडी उघडली. पाणी गेलं, मागे घोटाभर चिखल राहिला. त्यात खेकडे पळू लागले. शेठ किल्ली फिरवून परतला तेव्हा धर्माजींनी त्याला तिथेच गाठलं आणि किल्ल्या किती, असं विचारलं.

एकच, शेठ म्हणाला. कुलूप वडिलांनी मुंबईहून आणलेलं, दुसरी किल्ली हरवली त्याला दहा वर्षं झाली. ही कायम त्याच्या कोटाच्या खिशात असते, वखारीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. कोट तो कुणाला हात लावू देत नाही.

“आज दुपारी बारा ते दोन तुम्ही कुठे होता?” धर्माजींनी विचारलं.

“जुम्मा आहे, धर्माजीभाऊ. मशिदीत होतो. अख्ख्या जमातीला विचारा.”

धर्माजींनी खरोखरच विचारलं. पेशइमाम म्हणाले, शेठ बारालाच आले, पहिल्या रांगेत बसले. न्हाऊन आलेले, पांढरा झब्बा, कानात अत्तराचा फाया. वाळूवर तेलाची घाणी चालवणाराही मशिदीत होता, तोही तेच म्हणाला. खलीलही शेठच्या मागच्याच रांगेत होता. नमाज संपून दुवा, मग दोघातिघांशी बोलणं. शेठ बाहेर पडला तेव्हा दोन वाजून गेले होते.

म्हणजे माणूस मशिदीत, किल्ली माणसाजवळ, आणि तरी बाहेर कुणीतरी त्याच किल्लीने कुलूप काढलं, समुद्र आत घेतला आणि कुलूप परत लावलं. धर्माजी घरी येऊन पडवीत येरझारा घालत राहिले. त्यांना एक गोष्ट खटकत होती. ज्याला सूड घ्यायचा, तो फळी उचलून पळून जाईल. परत फळी खाली सोडून कुलूप कोण लावत बसेल? उधाणाचं पाणी तासभर त्या तोंडातून धो धो येत राहिलं असतं तर बांधच खचला असता. ज्याने हे केलं त्याला पाणी हवं होतं, पण बांध मोडायला नको होता.

लोकांनी मात्र आपला निवाडा करून टाकला होता. किल्ली शेठची, तर काम शेठचं. टीम पोसवत नाही, बंद करायला निमित्त हवं, म्हणून स्वतःच पाणी सोडलं आणि आळ चंदरवर. दिवेलागणीला चाळीसएक माणसं शेठच्या घरापुढे जमली. नुसती उभी होती. शेठच्या दिंडीवर एक दगड आला, मग दुसरा.

धर्माजी मधे जाऊन उभे राहिले. रविवारपर्यंत थांबा, एवढंच ते म्हणाले. लोक त्यांच्या शब्दासाठी थांबले, पण गेले नाहीत. आणि त्या जमावात चंदर कुठेच नव्हता.

३

अमावस्येच्या उधाणाला कोळ्यांच्या होड्या समुद्रात असतात. डोलीची जाळी त्याच दिवसांत भरतात. चंदरची होडीही गेली होती, पण चंदर शुक्रवारी होडीवर नव्हता. हे त्याच्या भावानेच, नाइलाजाने, शनिवारी सकाळी सांगितलं. कुठे गेला होता ते त्यालाही माहीत नव्हतं.

चंदर मासळी सुकवायच्या मांडवाखाली सापडला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, कुणाकडे सरळ न बघणारा माणूस. धर्माजींनी विचारल्यावर म्हणाला, गावात नव्हतो. कुठे होतास, तर गप्प. कुणी पाहिलं, तर गप्प. फौजदार उद्या येणार आहे, याचीही त्याने मान हलवून नोंद घेतली.

“मी बोललो व्हतो ते खरं हाय,” शेवटी तो म्हणाला. “दर्या गिळंल म्हनलो. पन मी पानी सोरलं न्हाय. ज्या मैदानाव सामना जिकल्याव माजा बाप नाचलाय, त्याव मी पानी सोरीन काय?”

धर्माजींनी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या पेरांना राळ चिकटली होती, काळपट, घासूनही न निघालेली. होडीला राळ लावतात, पण ती पावसापूर्वी, होड्या ओढून वर घेतल्यावर. चैत्रात नाही. ते मांडवाच्या आत गेले. बोंबलांच्या पाट्यांमागे गोणपाट टाकलेलं होतं. ते उचललं तर खाली नऊ स्टिका. मंडळाच्या, ओळखीच्या, वर्षभर मोडून पडलेल्या. प्रत्येकीची चीर राळ भरून सांधलेली आणि वर मेणाचा दोरा घट्ट गुंडाळलेला.

चंदर मान खाली घालून उभा राहिला. थळच्या सुताराकडे गेलो होतो, असं त्याने सांगितलं. सुताराने दाखवलं, याने हाताने केलं, सकाळपासून सूर्य कलेपर्यंत. खलीलने चोरून स्टिका आणून दिल्या होत्या. अलिबागच्या टीमशी सामना आठ दिवसांवर आला, पोरांनी काय हातांनी खेळायचं?

“मग हे सांगत का नाहीस?”

“मी लोकांना सांगतो, जाऊ नका, तिकीट काढू नका. नि मीच स्टिका सांदतो. त्यानला काय सांगू?”

धर्माजींनी गोणपाट परत होतं तसं टाकलं. सुताराकडे माणूस पाठवून खातरजमा होण्यासारखी होती, आणि दुपारपर्यंत ती झालीही. चंदर सुटला. पण तो सुटताच बोट पुन्हा शेठकडे वळत होतं, आणि शेठ तर मशिदीत होता.

४

मैदानाची देखभाल कोंडाजी करायचा. हाजींच्या वेळचा माणूस, साठी उलटलेला. दगडी रोलर ओढून ओढून त्याच्या खांद्याला घट्टा पडला होता. धर्माजी गेले तेव्हा तो झोपडीच्या जोत्यावर बसून चिखलाकडे बघत होता. रडत नव्हता, चिडलेला नव्हता. धर्माजींना बघून त्याने एकच विचारलं, ऊन असंच राहिलं तर पाच दिवसांत सुकेल ना?

धर्माजी उत्तर देणार तेवढ्यात त्यांना रोलर दिसला. तो जोत्यावर होता. गोलची जाळी घडी करून शेजारी, चुन्याचं पिंप त्याच्या बाजूला, सगळं कोरडं. गेली नऊ वर्षं तो रोलर मैदानाच्या कोपऱ्यातच उभा असायचा. एकट्या माणसाला तो चढावर आणायला अर्धा दिवस लागेल.

“हा वर कधी आणलास, कोंडाजी?”

“गुरुवारी.”

“का?”

“आनला आपला. उधान मोठं व्हतं. बांध झिरपंल वाटलं.”

“पंचवीस वर्षांत कधी झिरपला?”

पाणी येणार हे तुला कुणी सांगितलं, हा प्रश्न धर्माजींनी तीन तऱ्हांनी विचारला. तिन्ही वेळा म्हाताऱ्याने मीच आपला, एवढंच म्हटलं आणि डोळे चिखलावरून हलवले नाहीत. तो खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायची सवय नसलेला माणूस जसा बोलतो तसंच बोलत होता. पण शुक्रवारी दुपारी तो बांधावर नव्हता हे नक्की. मुलीच्या घरी नागावला गेला होता, संध्याकाळच्या गाडीने परतला.

उघाडीसमोरच, बांधापलीकडच्या वाळूवर, नीराबाई बोंबील वाळत घालायची. होड्या समुद्रात, पुरुष समुद्रात, ती एकटी बाई तिथे दिवसभर कावळे हाकत बसलेली. धर्माजींनी तिला विचारलं, शुक्रवारी बांग झाल्यावर बांधावर कुणी बाप्या माणूस दिसला का?

“न्हाय,” नीराबाई म्हणाली. “बाप्या मानूस दिसला न्हाय.”

ती लगेच उठून बोंबील टांगायच्या पलीकडच्या वलांडीकडे गेली, जणू तिथे कावळा बसलाय. तिथे कावळा नव्हता.

धर्माजी बांधावरून परत निघाले, तेवढ्यात धक्क्याला मुंबईची लाँच लागली. तिच्यातून रेशमी पगडीचा एक गृहस्थ उतरला, मागे जमीन मोजायची लोखंडी साखळी घेतलेला एक माणूस. दोघे कुणाला न विचारता सरळ बांधावर आले. पगडीवाल्याने मैदानाकडे पाहिलं, छत्रीचं टोक चिखलात खुपसलं, ते बाहेर काढून निरखलं आणि साखळीवाल्याकडे बघून मान हलवली. मग दोघे परत फिरले. लाँच सुटायच्या आत ते तिच्यात जाऊन बसलेसुद्धा.

बांधाच्या दुसऱ्या टोकाला करमअली शेठ उभा होता. त्याने त्या पाहुण्याला हाक मारली नाही. जाणाऱ्या लाँचकडे तो बघत राहिला, आणि मग हळूच खाली, बांधाच्या दगडांवर बसला.

५

दुपारभर धर्माजी किनाऱ्यावर चालत राहिले. चाललं की त्यांचं डोकं चालायचं.

सामना आठ दिवसांवर. मैदान चार-पाच दिवसांत सुकतं, हे कोंडाजीला कळतं, हॉकी बघणाऱ्या कुणालाही कळतं. गवत तिथे नाहीच, जे मरेल. तेव्हा सामना बुडवायचा असता तर पाणी आदल्या दिवशी सोडलं असतं. शुक्रवारच्या पाण्याने बुडत होता तो एकच दिवस, शनिवार. आणि शनिवारी आला होता तो पगडीवाला, जमीन मोजायला.

म्हणजे शेठ मैदान विकत होता आणि पाणी सोडणाऱ्याला ते ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक होतं? चंदरला नाही. खलीलला नाही. कोंडाजीला कुणीतरी गुरुवारी सांगितलं, रोलर वर घे. कोंडाजी ज्याचं नाव मरेपर्यंत घेणार नाही, असं कुणीतरी.

राहिली किल्ली. ती कोटाच्या खिशात होती, हे शेठ खरंच बोलत होता. धर्माजी मध्येच थांबले. पण कोट कुठे होता? पेशइमामांनी सांगितलं होतं, शेठ न्हाऊन आले, पांढरा झब्बा, कानात फाया. जुम्म्याला शेठने कोट घातलाच नव्हता. मशिदीत माणूस होता. कोट घरी खुंटीवर होता, आणि त्या घरात बारा ते दोन एकच माणूस होतं. शेठची बायको माहेरी मुरूडला गेलेली, गडी नमाजाला.

आणि नीराबाईने खरं तेच सांगितलं होतं. बाप्या माणूस तिने पाहिला नव्हता.

शेठची थोरली बहीण शहरबानू लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. तिला आता पन्नास वर्षं झाली होती. गावाने तिला फारसं पाहिलं नव्हतं, पण माडीवरची तिची जाळीची खिडकी सगळ्यांना माहीत होती. तिथून मैदान दिसतं. धर्माजी त्या घरी गेले, आणि शेठ नाही असं कळल्यावर म्हणाले, काम बाईसाहेबांकडेच आहे. ओटीवर त्यांना पाट दिला गेला. मधल्या दाराच्या पडद्याआड ती येऊन बसली.

धर्माजींनी काहीही विचारलं नाही. सुरुवातीपासून सगळं सांगितलं: फळी, कोट, रोलर, पगडीवाला.

“करमअलीने मला कागद दिला,” शेवटी ती म्हणाली. “म्हणाला, आपा, घरपट्टीचा आहे, खाली सही कर. अब्बांनी मला वाचायला शिकवलं हे तो विसरला. वाचून पाहिलं तर मैदानाची विक्री. भाताची गिरणी होणार होती. मैदानात माझाही हिस्सा आहे, म्हणून सही हवी होती. आणि मलाच सांगितलं, शनिवारी मेहमान येणार, जेवणाचं बघ.”

“सही करत नाही म्हणून सांगायचं होतं.”

“मग वाटणी निघाली असती. बहीणभाऊ कचेरीत उभे राहिले असते आणि गाव बघायला आलं असतं. पाणी चार दिवसांत सुकतं, धर्माजीभाऊ. ते नाही सुकत. बांध नवा होता तेव्हा अब्बा मला उघाडीवर घेऊन जायचे. किती वेळ उघडी ठेवली तर बांधाला धक्का लागत नाही, हे त्यांनीच शिकवलं. मी तेवढाच वेळ ठेवली.”

मग तिने भावाबद्दल सांगितलं. ट्रका आल्यापासून वखारीत लाकूड पडून आहे, तीनातलं एकच गलबत राहिलं आहे. मुंबईला दिलेले दोन गडी त्याने विकले नव्हते. इथे उपाशी राहतील म्हणून हात जोडून पाठवले होते. हे त्याने लोकांना कधी सांगितलं नाही. लोक ओरडायचे आणि तो घरी येऊन दोन दोन दिवस जेवायचा नाही.

धर्माजी म्हणाले, माझ्या तोंडून तुमचं नाव निघणार नाही. चंदर निर्दोष आहे एवढं मी फौजदाराला पटवून देईन.

“नाव न सांगता त्याला पटेल?”

धर्माजींनी मांडी बदलली. “नाही,” ते म्हणाले.

६

रविवारी फौजदार आला तेव्हा बांधावर चारशे माणूस होतं. त्या वर्षी एकाही सामन्याला इतकं आलं नव्हतं. खाली चिखलाला भेगा पडू लागल्या होत्या. चंदर पुढे येऊन उभा राहिला होता, कुणी न बोलावता. शेठ फौजदाराशेजारी होता, दोन दिवसांत गाल बसलेला.

धर्माजींनी उभं राहून सांगायला सुरुवात केली. चंदर शुक्रवारी थळला सुताराकडे होता. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. पण तेवढ्यात खलील पुढे झाला आणि सांधलेली एक स्टिक त्याने फौजदाराच्या हातात दिली. लोकांत कुजबुज झाली. चंदरने मान वर केली नाही. मग धर्माजींनी शेठकडे वळून विचारलं, शुक्रवारी कोट अंगात होता का? शेठचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या क्षणी त्याला सगळं कळलं, असं धर्माजी पुढे नेहमी म्हणत.

“मग किल्ली घेतली कुणी?” फौजदाराने विचारलं. “नाव सांगा.”

फौजदाराने दुसऱ्यांदा विचारलं. त्याचा स्वर चढला. नाव नसेल तर जो बोलला होता त्यालाच न्यावं लागेल, असं म्हणून त्याने शिपायाकडे पाहिलं. शिपायाने चंदरच्या दंडाला धरलं.

गावाच्या बाजूने दोन बायका बांधावर आल्या. पुढे नीराबाई, डोक्यावर पाटी नाही, हात मोकळे. तिच्यामागे, काळ्या चादरीत, शहरबानू. माणसं आपोआप बाजूला झाली. ती फौजदारापुढे न जाता भावापुढे उभी राहिली.

“उघाडी मी उघडली,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वारा तिच्या पाठीमागून होता. “या जमिनीत तिसरा हिस्सा माझा आहे. माझ्या जमिनीवर मी पाणी घेतलं. त्याला सोडा.”

फौजदाराने शेठकडे पाहिलं आणि हे खरं का विचारलं. शेठला नाही म्हणता आलं असतं. हिश्श्याचा कागद घरात होता, जमावाला तो माहीत नव्हता, बहिणीला खोटं पाडलं असतं तर त्या क्षणी त्याचीच बाजू वर राहिली असती.

“खरं आहे,” तो म्हणाला. “आणि मी तिला फसवून सही घेत होतो, तेही लिहा.”

फौजदाराने काहीच लिहिलं नाही. घरची जमीन, घरचं पाणी, यात सरकारचं काही काम नाही, असं सांगून तो धक्क्याकडे निघून गेला. लोक मात्र थांबले होते. मागून कुणीतरी शेठच्या नावाने ओरडायला लागलं, तेव्हा चंदरच वळून म्हणाला, गप. मग त्याने शहरबानूला विचारलं, मैदानाचं काय व्हायचं?

तिने तिथेच, भावाच्या देखत सांगितलं. वखार, घर, गलबत सगळं करमअलीचं. तिच्या हिश्श्याला मैदान. कागद अलिबागला जाऊन होईल, पण भांडून नाही. आणि टीम ज्यांना इतकी हवी आहे त्यांनी चालवावी.

शेठने मान डोलावली आणि किल्ली जुडग्यातून काढू लागला. कडी घट्ट होती, नख तुटलं, तरी त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

मैदान पाचव्या दिवशी सुकलं. कोंडाजीने रोलर फिरवला तेव्हा माती पूर्वीपेक्षा कडक निघाली. अलिबागच्या टीमशी ठरलेला सामना झाला आणि दर्यावर्दी चार विरुद्ध एक गोलने हरले. झापांचं कुंपण काढून टाकलेलं होतं. चंदर आता मंडळाचा चालक. दोन महिन्यांत त्याला कळलं की चेंडू, बूट, पाहुण्या टीमचं जेवण हे नुसत्या रागावर येत नाही. एक आणा तिकीट त्यालाही परत लावावं लागलं, आणि लोक त्याच्यावरही ओरडले. पण येत राहिले. दिवाळीनंतरच्या मोसमात सहाशेपर्यंत माणूस येऊ लागलं. त्यातल्या एका सामन्याला शहरबानू खिडकी सोडून खाली आली आणि नीराबाईने आणलेल्या बाकड्यावर बसली. पुढच्या सामन्याला आणखी सातआठ बायका आल्या.

करमअली मात्र तो अख्खा मोसम फिरकला नाही. वखार, मशीद, घर, एवढंच. रस्त्यात धर्माजी दिसले तर सलाम करून पुढे जाई. धर्माजींना ते लागून राहिलं होतं. खरं शोधून काढलं, पण त्याने एक माणूस उठवून लावला, असं ते बायकोजवळ बोलून दाखवत.

दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात मुरूडच्या टीमशी सामना लागला. बरोबरी चालली होती. शेवटच्या पाच मिनिटांत मुरूडचा गडी खलीलच्या पायात स्टिक घालून चेंडू घेऊन गेला, आणि धर्माजी नेमके सूर्याकडे तोंड करून उभे होते. त्यांना काही दिसलं नाही. शिट्टी वाजली नाही. मुरूडने गोल केला.

डाव्या हाताला गर्दीतून एक आवाज उठला, बसका, रागाने थरथरणारा.

“धर्माजी, डोळे घरी ठेवून आलास का रे!”

धर्माजींनी वळून बघितलं. एक आण्याच्या जागेत, उन्हात, माणसांच्या रेट्यात करमअली उभा होता. टोपी वाकडी झालेली, मूठ वर. शेजारचे कोळी त्याच्यासारखेच ओरडत होते, एकाने त्याच्या खांद्यावर हात टाकून टाचा उंचावल्या होत्या. इतक्या वर्षांत करमअलीने त्यांना भाऊ सोडून हाक मारली नव्हती.

धर्माजींनी चेंडू मध्यरेषेवर ठेवायला लावला, घड्याळाकडे पाहिलं आणि खेळ पुन्हा सुरू केला. तीन मिनिटं उरली होती.